२१०२ च्या जागी २१२२ : चिपळूणच्या राउटरचा मुका कन्सोल

जुलै महिन्यातला शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा. एका सहकारी पतसंस्थेच्या चिपळूण शाखेची लीज लाइन सेवा देणाऱ्या कंपनीने त्या दुपारी आपल्या नव्या यंत्रणेवर हलवली आणि जाता जाता वॅन (बाहेरच्या लाइनच्या) बाजूचा आयपी पत्ताही बदलला. बदलाचा मेल आधी आला होता. फक्त तो ज्यानं वाचायला हवा होता तो रजेवर होता. त्यांचं नेटवर्क सांभाळणारे आम्ही पुण्यात बसून ज्या पत्त्यावर एसएसएचने (दुरून लॉगिन करायच्या सोयीनं) त्या राउटरमध्ये शिरायचो, तो पत्ताच आता राहिला नव्हता.

काम तसं पाच ओळींचं. इंटरफेसवर नवा पत्ता आणि मास्क, जुना डिफॉल्ट रूट (बाहेर जायची ठरलेली वाट) काढायचा, नवा टाकायचा, सेव्ह करायचं. पण त्या पाच ओळी टाकायला कुणीतरी राउटरच्या कन्सोलला, म्हणजे जागेवरूनच आज्ञा द्यायच्या पोर्टाला, केबल लावून बसायला हवं होतं. शनिवारी सकाळी साडेनऊला शाखा उघडते आणि महिन्याचा तो दिवस निवृत्तिवेतनवाल्यांच्या गर्दीचा. शाखेच्या मॅडमनी तेवढंच सांगून फोन ठेवला. बाकीचं मला समजलं.

जागेवर होता आमच्यासाठी अधूनमधून काम करणारा तिथलाच एक हार्डवेअरवाला पोरगा. हुशार, पण राउटरपेक्षा प्रिंटर जास्त पाहिलेला. राउटर सिस्को १९४१. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हापासून या शाखेनं नेटवर्कचं सगळं सामान पोटमाळ्यावर नेऊन ठेवलंय. निर्णय शहाणपणाचा, पण कन्सोल लावायचा तर शिडीवर बसून, लॅपटॉप मांडीवर आणि फोन खांद्यात धरून.

पहिला तास

पहिली अडचण सगळ्यांना येते तीच. त्याच्याकडची यूएसबी-सिरियल केबल लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह. आत प्रोलिफिकची चिप, म्हणजे निदान वर छाप तशी. प्रोलिफिकचे नवे ड्रायव्हर जुन्या आणि नकली चिपांना उभंच करत नाहीत, आणि बाजारातल्या स्वस्त केबलींत दोन्ही भरपूर असतात. जुना ड्रायव्हर टाकल्यावर पोर्ट दिसला, कॉम ७. पुटीमध्ये (कन्सोलशी बोलायच्या प्रोग्राममध्ये) मात्र कॉम १ तसाच होता, कारण पुटी तोच धरून उघडतो. तो बदलला. फ्लो कंट्रोलच्या जागी पुटीत आपोआप एक्सऑन-एक्सऑफ असतं, ते 'नन' करायला लावलं. वेग सेकंदाला ९६०० बिटं, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. राउटर-स्विचवाल्यांच्या तोंडी हे 'शहाण्णवशे आठ-एन-एक' म्हणून मंत्रासारखं बसलेलं असतं.

"एंटर मार."

"मारला सर. काही नाही."

"दोन-तीनदा मार."

"काळा स्क्रीन आहे नुसता."

१९४१ ला कन्सोलचे दोन दरवाजे आहेत : निळा आरजे-४५ आणि त्याच्या शेजारी मिनी-यूएसबी. मिनी-यूएसबीत केबल असली की आरजे-४५ बंद पडतो. म्हणून तिथे काही खुपसलंय का ते बघायला सांगितलं. काही नव्हतं. निळी केबल चुकून शेजारच्या ऑक्स पोर्टात गेली नाही ना, तेही पाहून झालं.

आणि इथे मी चुकलो. केबल खराब आहे असं ठरवून टाकलं. कारण सरळ होतं : अशा प्रकरणांत दहापैकी सात वेळा केबलच खराब निघते, निदान माझ्या हाताला तरी. कुठलीही मोजणी न करता ठोकलेला तो अंदाज. पोरगा पावसात दुकानात गेला, दुसरी केबल घेऊन आला, वेगळ्या चिपची, ड्रायव्हर पटकन बसला. यात पस्तीस मिनिटं गेली. एंटर मारला. पुन्हा काळा स्क्रीन.

दोन वेगवेगळ्या केबलींना एकच आजार होणं अवघड. मी गप्प झालो. तेवढ्यात तोच म्हणाला, "सर, मघाशी मी शिडी सरकवताना खालची एक वायर निघाली होती, ती परत लावली. तेव्हा स्क्रीनवर काहीतरी वेडंवाकडं उमटलं होतं. मी म्हटलं जाऊ दे."

वेडंवाकडं म्हणजे काय

निघाली होती ती लॅनची केबल, राउटरकडून स्विचकडे जाणारी. ती निघाली की राउटर कन्सोलवर दोन ओळी लिहितो : इंटरफेस डाउन, लाइन प्रोटोकॉल डाउन. परत लावली की आणखी दोन. म्हणजे राउटर बोलत होता, आणि त्याचं बोलणं केबलमधून लॅपटॉपपर्यंत पोचतही होतं. केबल निर्दोष. दोघांची भाषा एकच, वेग वेगळा.

हे इतकं स्पष्ट असताना एंटरला उत्तर का येत नव्हतं? माझी खरी गफलत इथे होती. वेग चुकला तर एंटर मारल्यावर कचरा दिसेल अशीच माझी समजूत होती. कचरा दिसला नाही म्हणजे तार तुटलेली, असा माझा हिशेब. तो हिशेब कसा चुकतो ते नंतर कागदावर मांडून पाहिलं.

सिरियल लाइनमध्ये घड्याळाची वेगळी तार नसते. पाठवणारा आणि ऐकणारा, दोघं आपापलं घड्याळ लावून बसलेले. रिकामी लाइन 'एक' वर असते. ती खाली आली की ऐकणारा समजतो, अक्षर सुरू झालं. मग ठरलेल्या अंतरानं आठ वेळा डोकावून आठ बिटं वाचतो, शेवटी लाइन वर आहे ना एवढं बघतो. एक सुरुवातीचं बिट, आठ डेटाची, एक शेवटचं, अशी एका अक्षराला दहा बिटं. ९६०० वर एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतं, आणि सेकंदाला ९६० अक्षरं जातात. १९२०० वर बिट अर्ध्या वेळाचं, ५२ मायक्रोसेकंदांचं.

आता समजा राउटर १९२०० वर आहे आणि आपण ९६०० वरून एंटर मारतो. एंटर म्हणजे आस्की या अक्षरांच्या यादीत तेरा, आठ बिटांत ००००११०१, आणि तारेवर जातं उलट्या क्रमानं, सर्वांत लहान बिट आधी. आपलं प्रत्येक बिट राउटरला दोनदा दिसतं. तो पहिलं अक्षर वाचतो ते षोडशमानात ई६, आणि उरलेल्या बिटांतून दुसरं अक्षर बनवतो ते ८०. दोन्ही अक्षरं नियमात बसतात, शेवटचं बिटही जागेवर सापडतं, म्हणून तो तक्रारही करत नाही. पण दोन्हींपैकी एकही एंटर नाही. निजलेला सिस्को कन्सोल फक्त एंटरनं जागा होतो. 'सुरू करायला रिटर्न दाबा' असं तो म्हणतो ते शब्दशः खरं असतं. आम्ही दाराची कडी वाजवत होतो आणि आत मांजर ओरडल्यासारखं ऐकू जात होतं.

म्हणून ज्यांना हे काम पडतं त्यांनी एवढं लक्षात ठेवा : काळा स्क्रीन दिसला म्हणून केबल फेकू नका. आधी राउटरला स्वतःहून बोलायला लावा. एखादी लॅन केबल काढून लावा, किंवा परवानगी असेल तर राउटर बंद-चालू करा, म्हणजे बूटच्या ओळी धो-धो येतील. काहीही उमटलं, अगदी चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं का असेनात, तर राउटरकडून येणारी तार आणि ग्राउंड ठीक आहेत. मग शोध फक्त वेगाचा उरतो.

अर्धी ओळ, दीड ओळ

मी सांगितलं, "वेग एक लाख पंधरा हजार दोनशे कर आणि ती लॅनची वायर पुन्हा काढ-लाव." निवड अशीच, कारण मायक्रोटिक या दुसऱ्या कंपनीच्या राउटरबोर्डांवर तोच वेग असतो आणि कुणीतरी सवयीनं इकडेही तो लावला असेल असं वाटलं.

"सर, आता तर जास्तच येतंय. मघाशी अर्ध्या ओळीत संपलं होतं, आता दीड-दोन ओळी कचरा आहे."

त्यानं सहज सांगितलं, पण सबंध रात्रीतली सर्वांत कामाची माहिती ती होती. ऐकणारा हळू असेल तर पाठवणाऱ्याची दोन-दोन अक्षरं तो एकात गुंडाळतो, म्हणून कचरा मूळ मजकुरापेक्षा कमी दिसतो. ऐकणारा वेगवान असेल तर एकाच अक्षराचे तो तुकडे करून तीन-चार अक्षरं वाचतो, म्हणून कचरा वाढतो. ९६०० वर अर्धी ओळ म्हणजे राउटर त्याहून वेगात. ११५२०० वर दीड-दोन ओळी म्हणजे राउटर त्याहून सावकाश. मध्ये उरले १९२००, ३८४०० आणि ५७६००. आणि ९६०० वर जवळपास निम्मा मजकूर दिसतोय म्हणजे दुप्पट वेगाला आधी हात घालावा. मला हे त्याक्षणी सुचलं नाही. मी आधी ३८४०० सांगितलं, त्यात आणखी एक चक्कर शिडीची गेली. मग १९२००.

"सर, इंग्रजी आलं!"

युजरनेम विचारत होता. पुढचं काम दहा मिनिटांत झालं. मी आकडे सांगायचो, तो टाकायचा, एंटरच्या आधी परत वाचून दाखवायचा. आठ वाजून पन्नास मिनिटांनी पुण्याहून पिंग लागला. मॅडमना फोन केला. "बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "पण सकाळी परत बंद पडणार नाही ना?"

आकडा कुठून आला

लाइन उघडल्यावर मी एसएसएचने आत गेलो आणि 'शो व्हर्जन' (राउटरची माहिती दाखवणारी आज्ञा) घेतला. त्याची शेवटची ओळ बहुतेक जण वाचत नाहीत. तिथे कॉन्फिगरेशन रजिस्टर ०एक्स२१२२ असं होतं. असायला हवं होतं ०एक्स२१०२.

हे रजिस्टर सोळा बिटांचं, राउटर चालू होताना सर्वांत आधी वाचला जाणारा आकडा. शेवटचा २ सांगतो की नेहमीसारखा बूट हो. डावीकडच्या २१ मधलं एक बिट सांगतं की चालू असताना कुणी ब्रेक (कन्सोलवरून द्यायचा थांबण्याचा इशारा) पाठवला तरी थांबू नकोस. आपल्या कामाचा तिसरा आकडा. तिथे ४ असेल, म्हणजे सहावं बिट चालू, तर राउटर सेव्ह केलेली संरचना (कॉन्फिगरेशन) वाचतच नाही. पासवर्ड विसरला की आपण २१४२ देतो ते याचसाठी. आणि तिथे २ असेल, म्हणजे त्याच्या शेजारचं पाचवं बिट, तर कन्सोलचा वेग बदलतो. वेग पाच, अकरा आणि बारा या तीन बिटांवर ठरतो : तिन्ही बंद तर ९६००, फक्त पाचवं चालू तर १९२००, तिन्ही चालू तर ११५२००, ज्याचा आकडा ३९२२ असा दिसतो. सहाव्या बिटानं पासवर्ड विसरलेल्याची सुटका होते, पाचव्यानं कन्सोल मुका होतो, आणि दोघं एकाच घरात राहतात.

या राउटरचा पासवर्ड साधारण वर्षभरापूर्वी रिकव्हर केला होता, आमच्याच माणसानं, आमच्याच छापील कागदावरून. कागद काढला. ब्रेक, रॉममॉनमध्ये (बूटच्या आधीच्या छोट्या प्रोग्राममध्ये) 'कॉन्फरेग' २१४२, 'रीसेट', जुनी संरचना रॅममध्ये आणा, नवा पासवर्ड द्या, आणि शेवटी 'कॉन्फिग-रजिस्टर' ०एक्स२१२२. छापलेलं. मूळ कागद हातानं लिहिलेला होता, कुणीतरी तो टाइप केला, आणि शून्याचा दोन झाला. कुणी टाइप केला ते मी शोधलं नाही. त्या कागदावर तपासणारा म्हणून सही माझी होती.

मग त्या वेळी का कळलं नाही? कागदाचा शेवटचा टप्पा होता : राउटर एकदा रीलोड करून बघा. तो टप्पा आमची माणसं वगळायची. शाखा चालू झालेली, लोक रांगेत उभे, कोण पुन्हा पाच मिनिटं लाइन पाडणार? आणि रजिस्टरचा बदल लागू होतो तो पुढच्या बूटलाच. त्या दिवशी कन्सोल ९६०० वरच राहिला, सगळं छान दिसलं, माणूस निघून गेला. पुढे कधीतरी पावसाळ्यात वीज गेली, यूपीएस संपला, राउटर पुन्हा उठला तो १९२०० वर. त्याला कन्सोल लावायला कुणी गेलंच नाही, कारण एसएसएच उत्तम चालत होतं.

रात्रीचा बॅकअपही याबाबतीत आंधळा. आम्ही रोज सगळ्या राउटरांची संरचना उतरवून कालच्याशी ताडून बघतो. पण रजिस्टरचा आकडा चालू संरचनेत लिहिलेला नसतो. तो एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) वेगळा राहतो. आमच्या फाइलींत वर्षभर फरक शून्य.

सगळीकडे पाहिल्यावर

सोमवारी सगळ्या शाखांच्या राउटरांवर 'शो व्हर्जन' चालवून फक्त रजिस्टरची ओळ काढली. आणखी पाच ठिकाणी २१२२. पाचही पासवर्ड रिकव्हरीची गिऱ्हाइकं. एका ठिकाणी वेगळीच गोष्ट सापडली : कन्सोलवर 'एक्झेक-टाइमआउट ० ०', म्हणजे कधीच बाहेर न काढणारा. कुणीतरी काम करताना सोयीसाठी लावून विसरलेला. ज्याच्या हातात केबल त्याच्या हातात राउटर. तो पाच मिनिटांवर आणला, लॉगिन सक्तीचं केलं, आणि टाइप करताना मध्ये घुसणाऱ्या संदेशांसाठी 'लॉगिंग सिंक्रोनस' दिलं.

संदेशांवरून आमच्यात थोडा वाद झाला. माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं, कन्सोलवरचं लॉगिंग पूर्ण बंदच करू. त्याला कारण आहे : ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं, म्हणजे शंभर अक्षरी नऊ-दहा ओळी. डीबगच्या (दोष शोधायच्या) संदेशांचा लोंढा आला की राउटर कन्सोलला अक्षरं पुरवण्यातच गुंततो, आणि असे अडकलेले राउटर आम्ही दोघांनी पाहिलेत. पण चिपळूणला आम्हाला वाचवलं ते त्याच संदेशांनी. शेवटी कन्सोलवर 'एरर्स' पातळी (तिसरी आणि तिच्याहून गंभीर) ठेवली. इंटरफेस डाउनचा संदेश तिसऱ्या पातळीचा असतो, तो येत राहील. लाइन प्रोटोकॉलचा पाचव्या पातळीचा, तो आणि त्याखालचं सगळं राउटरच्या आतल्या बफरमध्ये जाईल.

दुसरी सूचना आली की एवीतेवी हात घातलाच आहे तर सगळे राउटर ११५२०० वर नेऊ. मी नाही म्हटलं. वेग वाढवायचं एकच भक्कम कारण ऐकलंय : रॉममॉनमधून एक्समोडेमनं (कन्सोल केबलवरून फाइल पाठवायच्या पद्धतीनं) राउटरच्या सॉफ्टवेअरची प्रतिमा चढवणं. साठ एमबीची फाइल ९६०० वर सतरा तासांहून जास्त घेते, ११५२०० वर साधारण दीड तास. पण १९४१ ला फ्लॅश कार्ड काढून भरता येतं, तिथे तो खटाटोप कुणी करत नाही. आणि शिडीवर बसलेल्या अनोळखी पोराच्या मनात पहिला आकडा ९६०० च येतो. बदली म्हणून आलेला नवा राउटरही त्याच आकड्यावर उघडतो.

कागद दुरुस्त केला. तो करताना त्यात एक जुनी युक्ती घातली, कारण आजच्या लॅपटॉपांवर ब्रेकची कळच नसते आणि स्वस्त यूएसबी केबली ब्रेक नीट पाठवत नाहीत. टर्मिनल १२०० वर ठेवा, राउटर बंद-चालू करा आणि दहा-पंधरा सेकंद स्पेसबार दाबून धरा. १२०० वर एक बिट ८३३ मायक्रोसेकंदांचं. स्पेसचं सुरुवातीचं बिट आणि त्यामागची पाच शून्यं मिळून लाइन पाच मिलिसेकंद खाली राहते. ९६०० वर ऐकणाऱ्या राउटरचं सबंध अक्षर एका मिलिसेकंदात संपतं, त्यामुळे त्याला तो ब्रेकच वाटतो आणि तो रॉममॉनमध्ये थांबतो. मग टर्मिनल मूळ वेगावर आणायचं. सिस्कोच्या स्वतःच्या दस्तऐवजांत ही युक्ती आहे. आमच्या कागदावर नव्हती.

पाचही राउटरांवर आणि चिपळूणवर 'कॉन्फिग-रजिस्टर' ०एक्स२१०२ दिलं. 'शो व्हर्जन' आता दोन्ही आकडे दाखवतो : सध्याचा २१२२, पुढच्या रीलोडनंतर २१०२. 'लाइन कॉन ०' खाली वेगाची ओळ टाकून चालू वेगही लगेच बदलता आला असता. ते मुद्दाम टाळलं. वेग दोन ठिकाणी लिहिला की पुढच्या माणसाला खरा कुठला ते कळत नाही. त्याऐवजी रविवारी रीलोड केले, आणि प्रत्येक ठिकाणी माणूस ९६०० वर कन्सोल लावून बसलेला. पाच ठिकाणी अक्षरं नीट आली, राउटरांवर '९६००-८-एन-१' अशी चिठ्ठी चिकटवली.

सहावी शाखा घाटावरच्या एका गावात आहे. तिथे दरड आल्यामुळे त्या रविवारी कुणी जाऊ शकलं नाही, आणि माणूस समोर नसताना मी रीलोड द्यायला तयार नाही. तिथल्या शिपाईमामांना फोनवरून चिठ्ठी लिहायला सांगितली. त्यांनी विचारलं, "साहेब, आकडा कुठला लिहू?" मी म्हटलं, दोन्ही लिहा : आधी १९२००, आणि खाली 'वीज जाऊन आली असेल तर ९६००'.